लुटुपुटूचा निरोप

ताटली खडखडली.

स्टीलची ताटली. तिच्यावर मी फोन उपडा ठेवत असे, कारण मीटिंगमध्ये फोनचा आवाज बंद ठेवायचा हा कंपनीचा नियम, आणि निरोप आला की मला कळलाच पाहिजे हा माझा. घर अगदी गप्प होतं. दुपारचा एक वाजून पाच मिनिटं. मी माइक बंद केला आणि फोन उलटा केला.

'बाळ मजेत आहे. पोटभर जेवलं. शांत झोपलं. रडलं नाही. – रांगोबा पाळणाघर.'

एकोणिसावा दिवस. एकोणीस दिवस माझी पोरगी सलग मजेत होती. मी स्वतः इतकी सलग मजेत कधी होते ते आठवत नाही. बहुधा जन्माच्या आधी.

मी तो निरोप नीरजला पाठवला. नीरज म्हणजे माझा नवरा. त्यानं तो जळगावला त्याच्या आईला पाठवला, आणि जळगावहून रोजच्यासारखे जोडलेले हात आले. सासूबाईंचे ते हात नमस्काराचे की 'पुरे झालं तुमचं' म्हणणारे, हे कळायला मार्ग नव्हता. मी ते नमस्कारात जमा केले.

ही पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. शेवंती, घरात शेवू, तेव्हा पावणेतीन वर्षांची होती. तिच्यासाठी मी तीन वर्षं 'घरी बसले' होते. हा शब्दप्रयोग ज्यानं काढला त्यानं रांगतं मूल कधी पाहिलेलं नसणार. मी त्या तीन वर्षांत फक्त जेवायला बसत होते, तेही अर्धवट. मग नाशिकमधल्या माझ्या जुन्याच कंपनीनं मला परत घेतलं. तीच खुर्ची, तीच खिडकी, गळ्यात मात्र नवशिक्याचं ओळखपत्र. तीन दिवस ऑफिसातून काम आणि दोन दिवस घरून.

जॉईन होण्याच्या आठवड्यात सासूबाई आल्या होत्या. जेवताना त्यांनी साधं विचारलं, "पोर रमेल का गं तिकडे?"

"रमेल की, आई."

"आणि नाही रमली तर?"

त्यावर 'बघू' म्हणून आमटी वाढायची असते. पण मला पुढं बोलायची हौस. "एक महिना द्या. महिन्याभरात रडायची थांबली नाही, तर मी स्वतः राजीनामा देईन."

कोणी मागितला नव्हता हो. नीरजनं ताटात इतकी मान घातली की मला त्याच्या भांगाची रेघ तेवढी दिसली. सासूबाई म्हणाल्या, "ताक घेतेस?"

तो महिना येत्या रविवारी भरत होता. आणि माझ्याजवळ एकोणीस निरोपांचा पुरावा होता. पाळणाघरातल्या तायांशी बोलायचा प्रश्नच नव्हता, कारण हे निरोप पाठवणारं ॲप आल्यापासून तायांना पालकांशी बोलायची मनाई होती. सगळं ॲपात भरायचं, तोंडी काही सांगायचं नाही. संध्याकाळी फाटकावरचा वॉचमन नाव पुकारायचा आणि पोरगी हातात द्यायचा. राहता राहिली शेवू. तिला रोज रात्री जेवताना मी विचारायची, "आज काय केलंस पाळणाघरात?" ती गंभीरपणे सांगायची, "चप्पल."

"चप्पल काय?"

"चप्पल."

मला वाटलं पोरीला चपलांची आवड लागली. मी तिला नवीन घेऊन आले. चाललं की टाचेत लाल दिवा लागणारी.

तर त्या शुक्रवारी, निरोप आल्यावर तासाभरानं, लावण्याचा फोन आला. लावण्या ऑफिसात माझ्याच टीममधली, विजयवाड्याची. नाशकात चार वर्षं झाली होती. मराठी तिनं स्वतःची स्वतः शिकलेली, लिहायची तर नीरजपेक्षा शुद्ध. फक्त बोलताना लिंगाच्या बाबतीत उदार.

"विदुलाक्का, फ्री आहात? एक तक्रार आला आहे."

"कोणाची?"

"रांगोबाच्या एका आईची. तिचा बाळ... तिची बाळ..."

"तिचं."

"तिचं बाळ आज पाळणाघरात गेलंच नाही. ताप आहे. तिच्या मांडीवर आहे. आणि तिला आपला निरोप गेला. पोटभर जेवलं, शांत झोपलं."

"मांडीवर झोपलं असेल."

"अक्का, ती फार चिडली आहे. ती म्हणते, माझ्या मांडीवरच्या बाळाची खबर तुम्ही मला देता?"

हे ॲप मूळ मी लिहिलं होतं. शेवूच्या वेळी सातवा महिना चालू असताना, एकटीनं. मग रांगोबावाल्यांना ते तीन वर्षांत तीनदा नकोसं झालं, चौथ्यांदा हवंसं झालं, आणि लावण्यानं महिन्याभरापूर्वी ते धूळ झटकून चालू करून दिलं. अकरा शाखा, सहाशे बारा मुलं. योगायोग असा की त्यांतलं एक माझं. योगायोग कसला, घराजवळचं तेवढं एकच पाळणाघर.

इथं एक गोष्ट सांगावी लागेल, म्हणजे पुढचं कळेल. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत आम्ही जे फ्रेमवर्क, म्हणजे ॲपचा तयार सांगाडा, वापरतो त्याची रीत अशी, की ॲपच्या कुठल्याही भागानं त्याला लागणारी वस्तू स्वतः बनवायची नाही. दारावर फक्त पाटी लावायची, 'मला अमुक हवं'. फ्रेमवर्क घरभर शोधतं आणि ते आणून हातात ठेवतं. घेणाऱ्यानं कुठून आलं, कोणी केलं, हे विचारायचं नाही. याला डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणतात. आमच्या घरात याला नीरज म्हणतात. नीरजनं उभ्या जन्मात चहा केलेला नाही. चहा त्याला प्राप्त होतो.

फक्त एक अडचण असते. मागितलेल्या वर्णनाच्या दोन वस्तू सापडल्या, तर फ्रेमवर्क रुसून बसतं. एक हवी होती, दोन सापडल्या, आता मी काही चालू होणार नाही, म्हणतं. मग त्यांतल्या एकीवर शिक्का मारावा लागतो, 'प्रायमरी'. म्हणजे पहिला मान हिचा. लग्नकार्यात दोन आत्यांपैकी कोणीतरी ठरवावं लागतं, तसं.

"आधी तायांचं बघू," मी म्हटलं. चूक शोधताना पहिल्यांदा गैरहजर माणसाला धरायचं, ही आमच्या धंद्याची रीत. "त्या काही भरतच नसतील."

"भरतात, अक्का. बघा." लावण्यानं तिचा स्क्रीन दाखवला. ओळीच्या ओळी. अकरा शाखांच्या ताया रोज इमानेइतबारे नोंदी करत होत्या. कोण जेवलं, कोणाला जुलाब झाले, कोण कोणाला चावलं.

"मग हे निरोपात का येत नाही?"

"तेच तर."

"निरोप बनवणाऱ्या भागाला फ्रेमवर्क नक्की काय आणून देतंय, ते छापून बघू. एक ओळ टाक."

तिनं ओळ टाकली, ॲप तिच्या मशीनवर पुन्हा चालू केलं. काळ्या पडद्यावरून अक्षरं सरसरत गेली आणि एका जागी थांबली.

'LutuputuNirop'.

मी पहिल्यांदा हसले. तीन वर्षांनी आपलंच जुनं अक्षर भेटल्यावर येतं तसं हसू. त्या दिवसांत कंटाळा घालवायला मी भागांना मराठी नावं दिली होती. एक 'खरा निरोप': तायांच्या नोंदी वाचून वाक्यं जुळवणारा. आणि एक 'लुटुपुटूचा निरोप': चाचणीपुरता, काहीही न वाचता दरवेळी एकच ठरलेलं वाक्य देणारा. भातुकलीतल्या भातासारखा. दिसायला भात.

मग हसू जागच्या जागी थांबलं.

"लावण्या, या लुटुपुटूवर प्रायमरीचा शिक्का कोणी मारला?"

"मी."

"तुला हा खरा वाटला?"

"अक्का, दोन सापडत होते. फ्रेमवर्क चालूच होत नव्हता. मग मी दोघांना चालवून बघितलं. दुसरा रोज बंद पडायचा. कधी म्हणतो ताईंनी झोप भरली नाही, कधी म्हणतो वेळ चुकीची आहे. लुटुपुटू एकदाही पडला नाही. दोन मिलिसेकंदांत उत्तर!"

"कारण तो काही करतच नाही!"

"ते मला कसं कळणार?" ती जरा दुखावली. "मला वाटलं लुटुपुटू ही कंपनी आहे."

"कंपनी?"

"निरोप बनवून देणारी. बेंगळुरूची असेल असं वाटलं. असतात ना आता अशीच नावं."

असतात खरी.

"आणि दुसऱ्याचं नाव तरी वाचायचं. स्पष्ट लिहिलंय, खरा निरोप."

"इंग्रजी अक्षरांत आहे, अक्का. K-h-a-r-a. मी 'खारा' वाचलं. सॉल्टी. पासवर्डमध्ये आपण मीठ घालतो ना, कोणाला ओळखता येऊ नये म्हणून? मला वाटलं हा त्यातला काहीतरी सुरक्षेचा भाग. मी हात लावला नाही."

सांगायला नको, ते ठरलेलं वाक्यही मी नीटनेटकेपणानं वेगळ्या फाइलीत ठेवलं होतं, नाहीतर तिला ते समोरच दिसलं असतं. बायकांना नीटनेटकेपणा शिकवतात, तो हा असा अंगाशी येतो.

"पण दोन सापडलेच कसे?" मी म्हटलं. आता मी रंगात आले होते. दुसऱ्याची चूक सापडली की माणूस ताजातवाना होतो. "लुटुपुटूच्या डोक्यावर मी एक ओळ लिहिली होती, 'फक्त चाचणीत'. ती असली की खऱ्या ॲपात तो फ्रेमवर्कला दिसतच नाही. ती ओळ कोणी काढली? इतिहास उघड."

आमच्याकडे प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो. कोणी केला, कधी केला, का केला. लावण्यानं उघडला.

'विदुला. डेमोपुरती काढली आहे. उद्या परत लावते.'

तारीख शेवू जन्मली त्याच्या आदल्या दिवसाची.

दुसऱ्या दिवशी परत लावणार होते मी. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला रिक्षातून दवाखान्यात गेले, आणि मग 'उद्या' जे लांबलं ते तीन वर्षं.

"अक्का," लावण्या हळूच म्हणाली, "अर्धी चूक माझी पण आहे."

"हो, घे थोडी. मला एकटीला जास्त होईल."

ती हसली. मी नाही हसले, कारण तेवढ्यात माझ्या डोक्यात ते वाक्य पोचलं होतं. बाळ मजेत आहे. पोटभर जेवलं. शांत झोपलं. रडलं नाही. सात महिन्यांचं पोट टेबलाला टेकवून, चाचणीसाठी काहीतरी लिहायचं म्हणून, मी लिहिलेलं वाक्य. तेव्हा मला बाळांबद्दल फार माहिती नव्हती, हे त्यावरून दिसतंच आहे. एकोणीस दिवस मी स्वतःच स्वतःला निरोप पाठवत होते, आणि ते वाचून माझे डोळे भरून येत होते.

"लावण्या. कॉलेज रोडमागची शाखा उघड. शेवंती नाव शोध."

"पालकांनी नोंदी थेट उघडून बघायच्या नाहीत असा नियम आहे, अक्का."

"मी पालक नाही. मी प्रोग्रामर आहे."

"आत्ता?"

मग पडद्यावर नाव टाइप झालं, ओळी गाळून एकोणीसच उरल्या, आणि ती म्हणाली, "मी जरा पाणी पिऊन येते. माझा स्क्रीन चालूच राहू दे." आणि पाणी प्यायला गेली ती चांगली दहा मिनिटं. विजयवाड्याहून आणत असावी.

नोंदी नलूताईंच्या होत्या. नलूताईंना मी दोनदाच पाहिलं होतं, लांबून. पहिल्या दिवशी त्यांनी लिहिलं होतं: रडली. जेवली नाही. चप्पल काढू दिली नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी: रडून झोपली, झोपेत चप्पल काढायला गेले तर जागी झाली. आठव्या दिवशी: नवीन चप्पल, दिव्याची. तीही काढू देत नाही. अकराव्या दिवशी दोन घास वरणभात, दाराशी बसून. पंधराव्या दिवशी रडली नाही, पण बोललीही नाही, दाराकडे बघत बसली. मग परत दोन दिवस रडली. खाराच होता तो निरोप, लावण्याचं काही चुकलं नव्हतं.

आणि त्या दिवसाची, एकोणिसावी नोंद: सकाळी वीस मिनिटं रडली. अर्धी पोळी. नंतर सगळ्या मुलांच्या चपला मांडणीतून आणून दाराशी ओळीनं लावल्या. सगळ्यांना घालायला लावल्या. आता तेराजण दाराशी तयार बसले आहेत. फार गोंधळ.

मी हसले का रडले, सांगता येत नाही. दोन्हीला नाक पुसावंच लागतं.

लावण्या परत आली. काही न विचारता कामाचं बोलू लागली, याबद्दल मी तिची आजही ऋणी आहे.

"दुरुस्ती दोन ओळींची आहे. माझा शिक्का काढायचा, तुमची ओळ परत लावायची. खरा निरोप का पडायचा तेही दिसलं, रिकामी जागा आली की पडायचा. तेवढं मी सांभाळून घेतलं. झालं. पण अक्का, आज शुक्रवार. तीन वाजले."

शुक्रवारी दुपारनंतर चालत्या ॲपावर काहीही चढवायचं नाही, हा आमच्या पुंडलीक सरांचा नियम. त्यांचाच काय, या धंद्यात सगळीकडचा. शुक्रवारी चढवलं की शनिवारी पडतं आणि रविवारी उचलावं लागतं.

"सोमवारी सकाळी चढवू," लावण्या म्हणाली. "त्या तापवाल्या आईला मी सॉरी लिहिते."

सोमवारी. मधे रविवार.

बघा, मला काहीही करायचं नव्हतं. खोटं बोलायचं नव्हतं, लपवायचं नव्हतं. फक्त नियम पाळायचा होता. आयुष्यभर मी नियम पाळत आले आणि पहिल्यांदाच एक नियम माझ्या बाजूनं उभा राहिला होता. शनिवारी पाळणाघर असतंच, विसावा निरोप येईल, बाळ मजेत आहे. रविवारी सासूबाईंचा फोन येईल, मी वीसच्या वीस निरोप वाचून दाखवीन, महिना भरेल, नोकरी राहील. सोमवारी खरं काय ते येईल, तेव्हा म्हणता येईल, अगंबाई, आताच कशी रडायला लागली? हवा बदलली असेल.

मी तोंडानं म्हटलंसुद्धा, "हो, सोमवारीच बरं."

"मग उद्याचा निरोप जाऊ दे ना लुटुपुटूचाच? सहाशे बारा?"

तिनं अगदी सहज विचारलं. कामाचं म्हणून. पण मला त्या सहाशे बाराजणी दिसल्या. एक वाजून पाच मिनिटांनी कोणाचा फोन पर्समध्ये थरथरत असेल, कोणाचा बँकेच्या काउंटरखाली, कोणाचा वर्गात टेबलाच्या खणात. त्यांतल्या किती जणींनी आमटी वाढताना महिना मागून घेतला असेल, मला काय माहीत. आणि सगळ्यांची बाळं पोटभर. सगळ्यांची शांत. सहाशे बारा पोरांतलं एकही रडत नाही, असं पाळणाघर तर स्वर्गातही नसेल.

"नाही," मी म्हटलं. "आत्ता चढव."

"पण सर–"

"सरांना मी सांगते."

पुंडलीक सरांनी पहिल्या रिंगला फोन उचलला. "शुक्रवारी?" त्यांनी एवढंच विचारलं, पण त्यात एखाद्यानं एकादशीला अंडी विचारल्यावर येतो तो सगळा आवाज होता.

"सर, आपण महिनाभर सहाशे बारा घरांना खोटं सांगतोय."

"चूक कोणाची?"

मी श्वास घेतला. "माझी. तीन वर्षांपूर्वीची."

"हे लेखी द्याल?"

"देते."

"मग चढवा." सरांना सत्य चालतं, फक्त लेखी लागतं.

चार वाजून दहा मिनिटांनी ताटली खडखडली. लावण्यानं दिलगिरीसकट त्या दिवसाचे दुरुस्त निरोप सगळ्यांना पाठवले होते. माझ्या फोनवर नलूताईंची नोंद जशीच्या तशी आली, फार गोंधळासकट. ताटली अजून थरथरतच होती, कारण नीरजचा फोन येत होता.

"हे काय आलंय, विदुला?"

"खरं आलंय."

"मग आधीचं?"

"लुटुपुटूचं. मी लिहिलेलं."

"तू? शेवूबद्दल?"

"सगळ्यांबद्दल. शेवू व्हायच्या आधी." मी त्याला थोडक्यात सांगितलं. त्याला अर्धं कळलं, पण चपलेचं पूर्ण कळलं.

"रोज सकाळी सोडतो ना मी," तो म्हणाला. "ती फाटकात रडते. मला वाटायचं, मी गेलो की थांबत असेल. निरोपात तसंच यायचं." मग घसा साफ करून, "आईला काय पाठवू?"

"आलंय ते."

"सोमवारी पाठवू का? म्हणजे रविवार–"

"नीरज."

"बरं, बरं. पाठवतो."

दोन मिनिटांत जळगाव. हात नाहीत, थेट फोन.

"विदुला, हे आजचं कोणी लिहिलं गं?"

"तिथल्या ताईंनी, आई. नलूताई म्हणून आहेत."

"हां. ही बाई पोरांकडे बघते. ते आधीचं मला एकही दिवस पटलं नाही. रोज पोटभर? आपल्या घरातलं पोर? नीरज चौथीत जाईपर्यंत मी घास घेऊन गल्लीभर धावत होते."

"मग बोलला का नाहीत?"

"हात जोडत होते की रोज!"

झालं, एकोणीस दिवस जमा केलेले नमस्कारही गेले.

"आई," मी म्हटलं, "रविवारी महिना भरतो."

"माझ्याकडे कॅलेंडर आहे."

"ती रडते अजून."

"वाचलं मी."

"मी राजीनामा देणार नाहीये." आवाज माझा होता, तरी मला तो जरा लांबून ऐकू आला. "बोलून गेले होते. तो शब्द मी मागे घेते."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला. "घे की. पुरुष रोज घेतात, त्यांना कोणी विचारतं का? आणि मी काय तुझ्याकडे शब्द मागितला होता? मी ताक विचारलं होतं."

"मग तुम्हाला चालेल?"

"मला काय विचारतेस? दाराशी मी बसले आहे का? पोरीला विचार." आणि त्यांनी फोन ठेवून दिला. त्यांना फोनवर 'ठेवते' म्हणायची सवय नाही.

रोज मी सहाला जायची. त्या दिवशी पावणेपाचलाच लॅपटॉप पाठीवर टाकून निघाले. वॉचमननं सवयीनं नाव पुकारायला तोंड उघडलं, मी म्हटलं, "राहू द्या काका, मी आत जाते." तो नियम सांगू लागला. मी म्हटलं, आज नियमांना माझ्यामुळं आधीच फार त्रास झालाय, आणखी एक. तो बाजूला झाला.

दाराशी शेवू एकटी होती. बाकीचे बाराजण कंटाळून खेळायला निघून गेले होते. पाठ भिंतीला, पाय पुढं ताठ, टाचांतले दिवे विझलेले. नलूताई जवळच स्टुलावर बसून मटार सोलत होत्या. पन्नाशीच्या, डोळ्यांवर जाड चष्मा, कमरेला पदर खोचलेला. मला बघून म्हणाल्या, "आज लवकर?"

"हो."

"मी रोज लिहिते हो सगळं. वाचता ना?"

"आजपासून," मी म्हटलं.

त्यांनी एक शेंग शेवूच्या हातात दिली. "सोल गं." मग मला म्हणाल्या, "काढू देत नाही चपला. म्हटलं राहू दे. पायातच आहेत, डोक्यावर तर नाहीत. जेवेल हळूहळू. उद्या मी तिला पोळी लाटायला बसवणार आहे. माझ्याजवळ बसली की दोन घास जातात."

मी शेवूच्या शेजारी फरशीवर बसले. ती ओरडली नाही, बिलगली नाही. तिनं शेंग नीट उघडली, एक दाणा मला दिला, एक स्वतः खाल्ला. संध्याकाळच्या आधीचं ऊन दारातून आत येऊन आमच्या गुडघ्यांपर्यंत पोचलं होतं.

सासूबाईंनी सांगितलं होतं, पोरीला विचार. मी विचारायला तोंड उघडलं. पण पावणेतीन वर्षांच्या माणसाला हे विचारायचं कसं, की बाई गं, मला तू पण हवीस आणि ते पण हवंय, तुझं काय म्हणणं? मी नुसतंच म्हटलं, "शेवू, आई ऑफिसला जाते ना..."

"हं."

"म्हणजे, आई तिकडे असते ना दिवसभर..."

तिनं दाणा चावता चावता माझ्याकडे वळून बघितलं. माझी पाठीवरची बॅग, माझे पाय, माझा चेहरा, सगळं एकदा नीट तपासलं. कपाळाला आठी पडली. काळजीची, माझ्या आईच्या कपाळावर पडायची तशी.

"तिकडून तुला घ्यायला कोण येतं, आई?"